पोटाचें ‘पुरे’

जेवणाच्या पंक्तींत सर्वांत कमी किंमत कोणत्या शब्दाला असेल, तर ती ‘पुरे’ या शब्दाला. पानावर आडवा हात धरावा, तर यजमान बोटांच्या फटींतून तुपाची धार सोडून हंसत हंसत जिंकतात. हा आग्रह प्रेमाचा पुरावा मानला जातो, आणि नको म्हणणारा शिष्ट ठरतो. उलट, जो आपण होऊन चौथी भाकरी मागतो, त्याला ‘खादाड’ म्हणून आपण मोकळे होतों. कमी खाणारा आणि जास्त खाणारा, दोघांच्याही पोटाचा न्याय आपण बाहेरूनच करतों. तो न्याय कितपत खरा, हें थोडें तपासून पाहावें असें आम्हांस वाटतें.

पोट रिकामें झालें म्हणजे भूक लागते, ही समजूत जुनी आहे. पण ती अर्धीच खरी आहे. पनवेलजवळ तळोजा येथील औद्योगिक वसाहतींत पाळीनें काम करणारे आमचे कांहीं जुने विद्यार्थी आहेत. पाळी बदलली कीं पहिले कांहीं दिवस जुन्याच वेळीं पोट कुरकुरतें, आणि नव्या वेळीं डबा उघडला तरी घास उतरत नाहीं, असें ते सांगतात. शास्त्राला यांत नवल वाटत नाहीं. १९९९ सालीं जपानांत कोजिमा व कांगावा आणि त्यांचे सहकारी यांनीं जठरांत तयार होणारें घ्रेलिन हें द्रव्य शोधून काढलें. नेहमींच्या जेवणाची वेळ जवळ आली कीं तें रक्तांत वाढतें, आणि जेवण झालें कीं उतरतें. म्हणजे पोट नुसतें रिकामें होत नाहीं, तें घड्याळही शिकतें.

थांबण्याची व्यवस्था याहून गुंतागुंतीची आहे. जठर ताणलें गेलें कीं ती वार्ता व्हेगस नांवाच्या मज्जातंतूवाटे मेंदूकडे जाते. अन्न लहान आंतड्यांत उतरलें कीं तेथून कोलेसिस्टोकायनिनसारखीं द्रव्यें ‘आतां थांब’ असा निरोप धाडतात. हे निरोप पोंचावयास वेळ लागतो. भराभर जेवणारा मनुष्य त्यापूर्वींच पान संपवून बसतो. जुन्या पंक्तींत वाढपी एकेक पदार्थ घेऊन फिरत, त्यामुळें हा अवकाश आपोआप मिळे. त्याच पंक्तींतला आग्रह मात्र आलेला निरोप ऐकूं देत नसे.

तिसरा निरोप चरबीचा. १९९४ सालीं न्यूयॉर्क येथें जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेंत लेप्टिनचा जनुक सांपडला. शरीरांत सांठा किती आहे, हें चरबी लेप्टिनच्या द्वारें मेंदूस कळविते. १९९७ सालीं केंब्रिजच्या संशोधकांना एकाच घराण्यांतलीं दोन मुलें आढळलीं. तीं सदैव भुकेलीं असत, आणि त्यांचें वजन अतोनात वाढलें होतें. त्यांच्या रक्तांत लेप्टिन जवळजवळ नव्हतेंच. पुढें तें टोंचून दिल्यावर मोठ्या मुलीची भूक आटोक्यांत आली. त्या मुलीला संयमाचा उपदेश करून काय साधलें असतें? असे रुग्ण फार विरळ, हें खरें. पण प्रयत्नानें वजन उतरविलेल्या सामान्य माणसाच्या शरीरांतही लेप्टिन घटतें आणि भूक वाढते. ज्याला आपण मनाचा दुबळेपणा म्हणतों, त्यांत रक्ताचाही वांटा असतो.

मनुष्यानें जिभेवर ताबा ठेवूं नये, असा याचा अर्थ नव्हे. मात्र भूक हा दोष नाहीं आणि तृप्ति हा अपमान नाहीं, एवढें मान्य करावयास हरकत नसावी. पाहुण्याला एकदां प्रेमानें विचारावें, आणि त्याचा शब्द ऐकावा. घरांत सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बाईचें ‘पुरे’ तर पोटाला विचारून ठरतच नाहीं. तें पातेल्याच्या तळाकडे पाहून ठरतें. आग्रह करावयाचाच असेल, तर तो तिला करावा, आणि तोही पातेलें भरलेलें असतांना.