फळ्यापासून खुर्चीपर्यंत



महानगरातील शेकडो शाळा कोणाच्या हाती सोपवाव्यात? कुशल व्यवस्थापकाच्या, की वर्गात उभे राहिलेल्या शिक्षकाच्या? न्यूयॉर्क शहराने हे दोन्ही मार्ग अनुभवले आहेत.

तेथील शालेय व्यवस्थेच्या प्रमुखास चान्सलर म्हणतात. २००२ मध्ये या पदावर आलेले जोएल क्लाइन हे मुख्यतः वकील होते. २०११ च्या आरंभी आलेल्या कॅथी ब्लॅक मासिकांच्या प्रकाशन व्यवसायातील. त्यांना सुमारे तीन महिन्यांतच पद सोडावे लागले. दोघांनाही शैक्षणिक अर्हतेच्या अटीतून सूट घ्यावी लागली होती.

२०१४ मध्ये आलेल्या कार्मेन फारिन्या यांची वाट निराळी होती. स्पेनमधून आलेल्या कुटुंबात, ब्रुकलिनमध्ये त्या वाढल्या. बालवर्गातील शिक्षिकेला त्यांचे आडनाव नीट उच्चारता येत नसे. आपलेच नाव पुकारले जात आहे, हे त्या मुलीला उमगत नसे. त्यामुळे वर्गात बसलेली असूनही ती हजेरीपटावर गैरहजर ठरे. ही आठवण त्यांनीच सांगितली आहे. पुढे घरातून महाविद्यालयात जाणाऱ्या त्या पहिल्याच ठरल्या. ब्रुकलिनमधील एका शाळेत त्यांनी २२ वर्षे शिकविले. मग मुख्याध्यापिका, विभागाच्या अधीक्षक, उपचान्सलर अशा पायऱ्या चढून २००६ मध्ये त्या निवृत्त झाल्या. सत्तरीत असताना महापौरांनी त्यांना परत बोलाविले आणि सुमारे ११ लाख विद्यार्थ्यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुख्याध्यापक होऊ इच्छिणाऱ्यास किमान ७ वर्षांचा शैक्षणिक अनुभव हवा, अशी अट त्यांनी घातली.

अनुभव म्हणजे यशाची हमी, असे मात्र समजू नका. त्यांच्या कारकिर्दीत ९४ मागासलेल्या शाळांसाठी आखलेली योजना मोठा खर्च होऊनही अपेक्षित फळ देऊ शकली नाही आणि २०१९ मध्ये गुंडाळली गेली. तरीही माझा कौल वर्गातून आलेल्यांच्या बाजूने आहे. मी स्वतः महानगरपालिकेच्या शाळेत शिकविले आहे. तपासणीस येणारे काही अधिकारी आधी दप्तर मागत. काही मात्र शेवटच्या बाकावर मुलाशेजारी जाऊन बसत. हे दुसरे अधिकारी बहुधा कधीकाळी शिक्षक असत. योजना चुकली, तर ती मुलापाशी कोठे अडली हे त्यांना लवकर कळे.

तुमच्यापैकी कोणी अंगणवाडी सांभाळून, कोणी कारखान्यातील पाळी संपवून हे पुस्तक उघडत असेल. पदवीला उशीर झाला, अशी खंतही मनात असेल. फारिन्या यांनी वर्ग सोडून पदांची पहिली पायरी चढली, तेव्हा त्यांची चाळिशी उलटलेली होती. तुम्ही कामात घालविलेली वर्षे हाही अभ्यासच आहे. उद्या एखादी जबाबदारी हाती आली, तर निर्णय घेताना त्या वर्षांत भेटलेली माणसे तुमच्या डोळ्यांसमोर असोत.