आमच्या घरची जावा

‘जावा’ हा शब्द मथळ्यांत पाहून आमच्या भगिनीवर्गाच्या मनांत ज्या मूर्ति उभ्या राहतील, त्यांच्याविषयीं या लेखांत कांहीं लिहावयाचें नाहीं. एकत्र कुटुंबांत जन्म काढलेल्या पुरुषानें त्या विषयांत पडूं नये, असें आमचें अनुभवाअंतीं बनलेलें मत आहे. येथें जावा म्हणजे मोटारसायकल. आमचे थोरले बंधु, ज्यांना घरांत सारे दादा म्हणत, त्यांची. ती १९६८ सालीं कवठे येमाईस आमच्या घरीं आली, तेव्हां ‘मातोश्री व काकू या दोन जावांच्या घरांत तिसरी आली’ हा विनोद गांवांतील प्रत्येकानें, आपणच तो प्रथम करीत आहों अशा थाटानें, आम्हांस ऐकविला.

शब्दांचें मूळ धुंडाळण्याची आम्हां संस्कृतवाल्यांची खोड कांहीं जात नाहीं. नात्यांतली जाऊ संस्कृत ‘यातृ’ शब्दावरून आली. पूर्वेकडील जावा बेट तें आपलें यवद्वीप. मोटारसायकलीचा या दोहोंशींहि संबंध नाहीं. १९२९ सालीं प्राग शहरीं यानेचेक नांवाच्या कारखानदारानें वांडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलींचा धंदा विकत घेतला, आणि दोन्ही नांवांचीं आरंभींचीं अक्षरें जोडून नवें नांव केलें. त्यांच्या भाषेंत त्याचा उच्चार ‘यावा’ असा होतो. आपल्याकडे इराणी मंडळींनीं ही गाडी आणली आणि १९६१ पासून ती म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यांत बनूं लागली. पुढें तिचेंच नांव येझदी झालें, तें इराणांतील याझ्द शहरावरून. १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. २०१८ पासून जावा नांवाच्या गाड्या पुन्हां निघूं लागल्या खऱ्या, पण त्यांचें इंजिन निराळ्या जातीचें. त्याचा एकहि भाग आमच्या गाडीस उपयोगी पडत नाहीं.

दादा पशुवैद्य होते. कवठे, मलठण, टाकळी हाजी, आणि कुकडी ओलांडून पलीकडे निघोजपर्यंत त्यांची फेरी असे. त्या काळीं गुरांना बुळकांडी नांवाचा रोग येई. एका गोठ्यांत शिरला कीं आठवड्याभरांत वाडीच्या वाडी रिकामी करी. १९५४ पासून देशभर त्याविरुद्ध लस टोंचण्याची मोहीम चालू होती. ही लस उष्णतेनें निकामी होत असल्यामुळें बर्फांत ठेवून न्यावी लागे. आणि आमच्याकडचे तेव्हांचे रस्ते असे कीं, हातांत धरलेला थर्मास मुक्कामीं पोंचेपर्यंत आंतून फुटलेला निघावा. म्हणून दादांनीं गांवच्या लोहाराकडून एक कॅरिअर करवून घेतलें. दोन लोखंडी पट्ट्या, वर थर्मासच्या मापाचें कडें, कड्याला आंतून सायकलच्या ट्यूबचें अस्तर, आणि सारें मागच्या मडगार्डावर चार बोल्टांनीं आवळलेलें. दिसावयास तें अगदीं ओबडधोबड होतें. परंतु १९७२ च्या दुष्काळांत गुरांच्या छावण्यांवर जी लस गेली ती या कड्यांतून गेली. त्याच सालीं मलठणाजवळच्या एका ओढ्यांत गाडी घसरली, दादांचा खांदा निखळला, टाकीस पोचा पडला. थर्मास शाबूत राहिला.

पुढें सरकारी जीप मिळूं लागली आणि १९९५ च्या सुमारास जावा गोठ्याच्या कोपऱ्यांत गेली. प्रथम तिच्यावर गोणपाट पडला, मग कडब्याच्या पेंढ्या, मग मोडका पाळणा. २०१४ सालीं दादा गेले. मध्यंतरीं एक भंगारवाला तिचा किलोवर भाव सांगून गेला. वहिनींनीं त्याला चहा पाजला व परत पाठविलें. अखेर गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या, म्हणजे दादांचा मुलगा, पुण्याहून आला आणि त्यानें ती अंगणांत ओढून काढली. दोन्ही टायर चिरफळलेले, तारा उंदरांनीं कुरतडलेल्या, आणि उजव्या सायलेन्सरांत कुंभारीण माशीनें बांधलेली मातीची अख्खी चाळ. या गाडीला सिलिंडर एकच, पण धूर सोडणाऱ्या नळ्या दोन; डाव्या नळींत त्या माशीनें काय म्हणून घर केलें नाहीं, याचा उलगडा झाला नाहीं.

काम शिरूरच्या एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे सोंपविलें. त्यांचें तारुण्य याच गाड्यांवर गेलें होतें. त्यांनीं प्लग काढून सिलिंडरांत डिझेल व तेल ओतलें आणि आठ दिवस कोणासहि गाडीला हात लावूं दिला नाहीं. पिस्टन गंजून भिंतीला चिकटलेला असतो, तो ठोकून काढूं गेलें तर फुटतो. आम्हांस त्यांचा हा धीर फार आवडला. वर्गांतल्या अडलेल्या मुलाला छडीनें पुढें ढकलणारे मास्तर आम्हीं पुष्कळ पाहिले; तेल घालून वाट पाहणारे थोडे. नवव्या दिवशीं मागचें चाक हातानें फिरवितांच पिस्टन सुटला.

खरी मेख निराळ्याच ठिकाणीं होती. टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा नसतात. पेट्रोल व हवा यांचें मिश्रण प्रथम पिस्टनखालच्या पेटींत ओढलें जातें, तेथें दाबलें जातें आणि मग वर सिलिंडरांत चढतें. म्हणून ती खालची पेटी पूर्ण हवाबंद असावी लागते. तिच्या दोन्ही बाजूंचीं रबरी सीलें या तीस वर्षांत बिस्किटासारखीं कुरकुरीत झालीं होतीं. बाहेरून कितीहि चकाकविली तरी हीं सीलें बदलल्यावांचून अशी गाडी धडपणें चालत नाहीं, आणि नेमका हाच भाग बाहेरून दिसत नाहीं. पुतण्यानें पुण्यास नाना पेठेंतील दुकानें पालथीं घातलीं, बुधवार-रविवारचा जुना बाजार धुंडाळला. सीलें, बेअरिंगें, मोठ्या मापाचा पिस्टन असें एकेक जमविलें. टाकींतला गंज काढण्यासाठीं तींत व्हिनेगर व मूठभर नट घालून ती खुळखुळ्यासारखी हालवावी लागते. हें काम घरांतील बालगोपाळांनीं इतक्या आनंदानें केलें कीं दुपारची झोंप सर्वांनाच सोडावी लागली. या गाडीचा गिअर ज्या दांड्यानें पडतो तोच दांडा आंत दाबून वर फिरविला कीं किक होतो. हा चमत्कार पाहण्यास तर शेजारचींहि मुलें जमत.

इंजिन जुळत आलें आणि बाह्यांगाचा प्रश्न निघाला. तेथें आमच्या घरांत दोन पक्ष पडले. पुतण्याचा एक स्नेही म्हणाला, परदेशांत हल्लीं जुन्या गाडीचा गंज तसाच राखून वर नुसतें वॉर्निश मारण्याची चाल आहे. वय दिसलें पाहिजे. वहिनी इतका वेळ गहूं निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, “गंज कशाला राखायचा? रविवारीं रॉकेलच्या बोळ्यानें गाडी पुसल्याशिवाय हे पानावर बसत नसत. गंज त्यांचा नव्हे. तो मागाहून आला.” गंजाचा निकाल तेथेंच लागला. वरचा निळा रंग खरवडल्यावर खालीं मूळचा लालभडक तपकिरी निघाला आणि तोच पुन्हां द्यावयाचें ठरलें.

परंतु पुतण्याच्या मनांत गाडी पुण्याच्या प्रदर्शनांत मांडावयाची होती. तेथें मूळ स्वरूपाला गुण असतात. तो म्हणाला, “आई, टाकीचा पोचा काढावा लागेल, आणि हें कॅरिअरहि. कंपनींतून गाडी निघाली तेव्हां तें नव्हतें.”

“कंपनींतून निघाली तेव्हां ती गाडी आपली तरी कोठें होती?” वहिनी म्हणाल्या, आणि आमच्याकडे वळून, “भावोजी, तुम्हीच सांगा.”

मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथांत भिक्षु नागसेन राजा मिलिंदाला रथाविषयीं प्रश्न घालतो: चाकें म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय? प्रत्येक वेळीं राजाला नाहीं म्हणावें लागतें. आमच्या परिवहन खात्यानें हा गहन प्रश्न केव्हांच सोडविला आहे. चासीवर ठोकलेला क्रमांक म्हणजे रथ. केंद्रसरकारनें २०२१ सालीं जुन्या गाड्यांसाठीं जे नियम केले, त्यांत पन्नास वर्षांहून अधिक जुनी व मूळ रूपांत राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा निराळा क्रमांक मिळतो, आणि रोजच्या वापरासाठीं ती रस्त्यावर आणण्यास मनाई होते. म्हणजे मूळ रूप जपावयाचें तर मूळ काम सोडावयाचें. २०२२ सालीं वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरील वर्षानुवर्षांच्या शेंदराचें कवच काढलें तेव्हां खालचें रूप पाहून लोक हेलावले; तें योग्यच झालें. पण शेंदूर वर चढलेला असतो. दादांचें कॅरिअर गाडीवर चढलेलें नव्हतें. ज्या कामासाठीं गाडी घेतली तें काम त्याच्यावांचून होत नव्हतें. म्हैसूरच्या कारखान्यानें मोटारसायकल दिली; पशुवैद्याची गाडी कवठ्याच्या लोहारानें केली. आम्हीं आमचें मत वहिनींच्या बाजूनें दिलें.

पुतण्या समंजस आहे, पण दुखावला. त्यानें सहा महिने रविवार दिले होते व पैसाहि ओतला होता. आणि बापाची गाडी चार जाणत्यांनीं वाखाणावी, ही इच्छा कांहीं वावगी नव्हे. दोन दिवस माय-लेकांत जेवढ्यास तेवढें बोलणें झालें. तिसऱ्या दिवशीं गाडीचे कागद शोधतांना वहिनींच्या ट्रंकेंतून नोंदणीपुस्तक निघालें, आणि त्यांत घडी घातलेलें वर्तमानपत्राचें कात्रण. २०११ सालीं बुळकांडी जगांतून समूळ नाहींशी झाल्याचें जाहीर झालें, त्याची ती बातमी होती. देवीनंतर माणसानें निपटून काढलेला हा दुसराच रोग. दादांनीं ती बातमी कोणास वाचून दाखविली नव्हती. गाडीच्या कागदांत ठेवून दिली होती. पुतण्यानें कात्रण वाचलें, पुन्हां घडी घालून जेथल्या तेथें ठेविलें आणि अंगणांत जाऊन बराच वेळ कॅरिअर पुशीत बसला.

टाकीचा पोचा राहिला. क्रोमवाल्यानें पोच्यासकट मुलामा देण्यास प्रथम साफ नकार दिला. तांब्याचा थर, त्यावर निकेलचा, मग क्रोमचा, प्रत्येक थरापूर्वीं झिलई. खळग्यांत ती नीट पोंचत नाहीं आणि गिऱ्हाईक मागाहून भांडतें, असा त्याचा अनुभव. गिऱ्हाईक भांडणार नाहीं असें लिहून द्यावें लागलें. नोंदणीहि साधीच नवी करून घेतली, व्हिंटेजची नव्हे. कारण वहिनींना ती येमाईच्या देवळापर्यंत चालतांना पाहावयाची होती. हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल असतें, तें जुन्या रबराला मानवत नाहीं, म्हणून फेरी झाली कीं टाकी रिती करावी लागते. शिवाय लिटरमागें सुमारें ४० मिलिलिटर तेल मोजून मिसळावें लागतें. त्यासाठीं औषधाचें जुनें मापपात्र दादांच्या पेटींतूनच मिळालें.

प्रदर्शनाविषयीं असा तोडगा निघाला कीं, वर्षांतून एकदां गाडी पुण्यास जाईल तेव्हां कॅरिअर उतरवावें आणि परत येतांच चारी बोल्ट आवळून पूर्ववत् बसवावें. त्या बोल्टांचा पाना मात्र वहिनींनीं आपल्या फडताळांत, वेलदोड्यांच्या डबीशेजारीं ठेविला आहे.