तपासणाऱ्याचा रकाना

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असा निरोप शाळेकडून आला, तेव्हा वसतिगृहातील कोणती आठवण निवडावी, हा प्रश्न पडला. पहाटेची घंटा, सामुदायिक वंदना, जेवणाच्या रांगेतील ताटांचा आवाज यांवर माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिणारे अनेक जण आहेत. मी संगणकाच्या क्षेत्रात काम करते. त्या कामात माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी लिहावे, असे शेवटी ठरवले. कारण त्या चुकीने मला थेट आपल्या कोठीघरात नेऊन उभे केले.

मी नववीत असताना कोठीघराची नोंदवही आळीपाळीने विद्यार्थिनींकडे असे. आलेला माल, मोजणाऱ्याची सही आणि तपासणाऱ्याची सही, असे तिचे तीन रकाने होते. एका संध्याकाळी तांदळाची पोती आली. मैत्रिणीने वजने लिहिली आणि तिच्या सुबक अक्षरावर विसंबून मी तिसऱ्या रकान्यात सही केली. महिनाअखेरीस तांदूळ कमी भरला. संशय स्वयंपाकघरातील मावशींवर आला. चार दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. वाढताना मान वर करीत नव्हत्या. पाचव्या दिवशी अधीक्षक बाईंनी दुकानदाराची पावती आणि नोंदवही माझ्यासमोर ठेवली. पावतीवर एका पोत्याचे वजन ४० किलो होते, वहीत ५०.

"हे तू तराजूवर पाहिले होतेस का?" एवढेच त्यांनी विचारले.

मी पाहिले नव्हते. बाईंनी शिक्षा केली नाही. मावशींसमोर जाऊन ते सांगण्यास मात्र लावले, आणि पुढचा महिनाभर वजन मी करायचे, सही दुसरीने करायची, असे ठरवून दिले.

आज मी नावडे येथे राहते. वडील तळोजा औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार होते, म्हणून आमचे बिऱ्हाड येथे आले. लिनक्स या संगणकप्रणालीचा जो सर्वांत आतला गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्यातील ड्रायव्हर तपासणे हे माझे काम. ड्रायव्हर म्हणजे पडदा, कॅमेरा, मेमरी अशा एकेका यंत्रभागाशी बोलणारा प्रोग्राम. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेल्या या कर्नलमध्ये आज जगभरातील हजारो लोकांचे श्रम आहेत. एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने वाचून पारखायचे, अशी तेथील रीत. वाचणाऱ्याचे नावही त्या बदलाखाली कायमचे नोंदले जाते. मी हे काळजीपूर्वक वाचले, हा बदल उपयुक्त आहे आणि त्यात मला ठाऊक असलेला दोष उरलेला नाही, असा त्या नावाचा अर्थ कर्नलच्या नियमांत स्पष्ट सांगितला आहे. आपल्या नोंदवहीतील तिसरा रकानाच तो.

चूक समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगावी लागेल. तळोज्यातील कारखान्यांची पाळी सुटते तेव्हा नावडे फाट्यावर माणसांची गर्दी उसळते. भर दुपारी तोच फाटा ओस पडतो. दोन्ही वेळी सारख्याच गाड्या सोडल्या, तर कधी माणसे खोळंबतील, कधी इंधन वाया जाईल. संगणकाच्या चिपमध्येही असेच असते. प्रोसेसर, मेमरी आणि पडदा यांच्यामध्ये माहितीची ने-आण करणाऱ्या सामाईक मार्गाला 'बस'च म्हणतात. 'सर्वांसाठी' या अर्थाच्या 'ऑम्निबस' या लॅटिन शब्दापासून हे नाव आले आहे. ही बस एका घड्याळाच्या ठोक्यावर चालते. ठोके जलद पडले तर माहिती अधिक वाहते, पण वीजही अधिक लागते. ठोके मंद केले की विजेचा दाबही उतरवता येतो, आणि खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने बचत मोठी होते. म्हणून प्रत्येक ड्रायव्हरने आपल्याला दर सेकंदाला किती माहिती लागेल याचा हिशेब मांडून मागणी नोंदवायची आणि त्या मागणीनुसार घड्याळाचा वेग ठरायचा, अशी व्यवस्था असते.

मराठवाड्यातून आलेला एक तरुण सहकारी तेव्हा आमच्या गटात नवीन होता. शाळांच्या वर्गांत लावायच्या डिजिटल फलकासाठी त्याने असाच हिशेब लिहिला होता. पडद्यावरील एकूण ठिपके, गुणिले सेकंदाला ६० चित्रे, गुणिले प्रत्येक ठिपक्याचे ४ बाइट. त्यावर सावधगिरी म्हणून पाव हिस्सा अधिक धरायचा, म्हणजे ५ ने गुणून ४ ने भागायचे. सूत्र अचूक होते. उत्तर साठवण्यासाठी त्याने ६४ बिटांची प्रशस्त जागा घेतली होती. ती पाहून माझे समाधान झाले. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, दिवा-पनवेल मार्गावरून मालगाडी धडधडत गेली, आणि मी त्या बदलाखाली नाव घालून संगणक मिटला.

पाहायचे राहिले ते असे. ३२ बिटांच्या जागेत मावणारी मोठ्यात मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. तिच्यापुढे एक जरी मिळवला, तरी जुन्या वीजमीटरवर ९९,९९९ नंतर शून्य यावे, तशी संख्या पुन्हा शून्यापासून सुरू होते. सी भाषेच्या नियमांनुसार बिनचिन्ह संख्यांचे हे वर्तन वैधच असल्याने संगणक सहसा कुरकुर करीत नाही. त्या हिशेबात उत्तराची जागा ६४ बिटांची होती, परंतु गुणल्या जाणाऱ्या सर्व संख्या ३२ बिटांच्या होत्या. गुणाकार आधी ३२ बिटांतच पुरा होतो आणि मग उत्तर मोठ्या जागेत ओतले जाते. हंडा मोठा ठेवला होता खरा, पण पाणी मोजायचा तांब्या लहानच होता; जे सांडायचे ते हंड्यापर्यंत पोहोचण्याआधीच सांडले.

आमच्या चाचणीच्या टेबलावरील पडदा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा होता. त्यावर गुणाकार २,४८,८३,२०,००० पर्यंत जाई, तो मर्यादेत बसे. वर्गात लागलेले फलक मात्र ३८४० गुणिले २१६० चे. तेथे गुणाकार ९,९५,३२,८०,००० व्हायला हवा. मीटर दोन वेळा फिरून शून्यावर येई आणि हाती १,३६,३३,४५,४०८ उरत. चाराने भागल्यावर सेकंदाला सुमारे ३४ कोटी बाइटांची मागणी नोंदवली जाई, जिथे गरज सुमारे २४९ कोटींची होती. बस सातव्या हिश्श्याहूनही कमी वेगाने चालू लागे. चित्र वेळेवर न पोहोचल्याने पडद्यावर आडव्या रेघा येत, तो क्षणभर काळा होई. शिक्षक शिकवत असताना मध्येच फलक मालवला जातो, अशी तक्रार आली.

दोष सापडायला नऊ दिवस लागले. आधी पडद्याच्या जोडणीवर, मग विजेवर, मग वर्गातील उष्णतेवर संशय गेला. नवव्या दिवशी आकडा छापून पाहिला आणि सारे उलगडले. बैठकीत पहिला प्रश्न आला तो, "हे लिहिले कोणी?" हाच. तो सहकारी उभा राहिला. त्याची परिविक्षा संपायला तीन आठवडे उरले होते. गावी वडिलांनी शेत गहाण ठेवून त्याला शिकवले होते, हे मला ठाऊक होते. त्याने मान वर केली नाही. मला कोठीघरातील मावशी दिसल्या.

मी म्हणाले, "लिहिणाऱ्याच्या खाली माझे नाव आहे. तो नवा आहे, मी नाही. हा दोष मला ओळखता यायला हवा होता. मी आकडे घालून पाहिले नाहीत."

खोलीत काही क्षण शांतता पसरली. त्या वर्षी माझी वेतनवाढ घटली. त्याची नोकरी राहिली, परिविक्षा मात्र तीन महिन्यांनी वाढवण्यात आली. तेवढेही टळले असते तर बरे झाले असते, असे आजही वाटते. नंतर जिन्यात तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही बोलला नसतात तरी चालले असते." मी म्हणाले, "चालले असते, म्हणूनच बोलले."

दुरुस्ती एका ओळीची होती. पहिल्याच संख्येला ६४ बिटांचे करून घेतले की पुढचा सारा गुणाकार मोठ्या मापात होतो. भागाकारासाठी कर्नलने दिलेले वेगळे साधन वापरावे लागते, कारण अनेक ३२ बिटी प्रोसेसरांना ६४ बिटांचा भागाकार थेट जमत नाही. जेथे गुणाकार मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता असते, तेथे तो तपासूनच करणारी साधनेही कर्नलमध्ये आहेत.

अशी चूक मोठमोठ्यांच्या हातूनही झाली आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झाले. आधीच्या एरियान-४ साठी लिहिलेला प्रोग्राम त्यात तसाच घेतला होता. नव्या बाणाचा आडवा वेग अधिक. त्याच्याशी निगडित एक संख्या ३२,७६७ ची मर्यादा असलेल्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही. जुन्या बाणाच्या मापाने तो प्रोग्राम निर्दोषच होता. आमच्या टेबलावरील लहान पडदाही तसाच निर्दोष होता.

तेव्हापासून माझी एक सवय झाली आहे. कोणताही हिशेब तपासताना मी कागद घेते, प्रत्यक्षात येऊ शकणारी सर्वांत मोठी संख्या त्यात घालते आणि प्रत्येक पायरी हाताने करून पाहते. वाचून पटले, एवढ्यावर नाव घालत नाही. तो सहकारी आता इतरांचे काम तपासतो, आणि आकडे घालून पाहिलेस का, असे मलाच विचारतो.

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी रुग्णालयात, कोणी बँकेत, कोणी ग्रामपंचायतीत काम कराल. कोठेही गेलात तरी तिसरा रकाना तुमची वाट पाहत असेल. अधीक्षक बाई आज आपल्यात नाहीत. कोठीघरातील तो तराजू अजून आहे, असे ऐकते. या वर्षी शाळेत येईन तेव्हा त्याच्यासमोर क्षणभर उभी राहीन.