काळी कड

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचा एक माजी विद्यार्थी भेटायला आला. एम.ए. अर्धवट सोडून तो चित्रपटांच्या दृश्यपरिणामांच्या क्षेत्रात गेला, याचे शल्य आम्हांला अद्याप होते. निरनिराळी चित्रे एकावर एक बसवून एकसंध दृश्य सिद्ध करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी तो प्लगइन लिहीत होता. एका दोषाने त्याला आठवडाभर छळले होते : नायिकेच्या केसांभोवती बारीक काळी कड उमटे. अखेर त्याने रंग बदलणारे सारे सूत्रच काढून टाकले. चित्र नुसते आत घेतले, बाहेर सोडले. कड होतीच!

कारण त्याने समजावून सांगितले. प्रत्येक चित्रबिंदूला रंगाच्या तीन संख्यांबरोबर चौथीही असते, ती अल्फा. 0 म्हणजे पूर्ण पारदर्शक, 1 म्हणजे पूर्ण अपारदर्शक. रंगाला अल्फाने आधीच गुणून ठेवण्याची पद्धत थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी 1984च्या शोधनिबंधात मांडली. तांबडा 1 आणि अल्फा 0.5 असेल, तर गुणाकारानंतर तांबडा उरतो 0.5. चित्र असे गुणूनच आले होते. प्लगइनने बाहेर सोडताना पुन्हा गुणले. झाले 0.25. रंग काळवंडला. मौज अशी की, अल्फा 1 असेल तेथे कितीदाही गुणले तरी काही बिघडत नाही. 0 असेल तेथे बिघडण्यासारखे काही नसतेच. बाधते ते फक्त मधल्या, अर्धपारदर्शक जागांना : केसांच्या टोकांना, धुराच्या काठांना.

"मी रंगातच चूक शोधत बसलो, सर," तो म्हणाला. "हाती आलेल्या चित्रावर आधी काय झालंय, हे विचारलंच नव्हतं." ओपनएफएक्स या प्लगइनांच्या मानकात चित्राबरोबर तशी नोंद येते. ती वाचायची राहिली होती.

आम्ही गप्प झालो. एम.ए.च्या वर्गातला त्याचा एक निबंध आठवला. एका सहकाऱ्यांनी तो आधीच तपासून दिला होता. आम्ही काही न विचारता पुन्हा 'शुद्ध' केला. त्यातली ठाम विधाने दोन्ही तपासण्यांतून सुखरूप बाहेर आली. गेली ती 'कदाचित' आणि 'असे वाटते' यांच्या आधाराने चाचपडणारी वाक्ये. त्याची स्वतःची म्हणावीत अशी तीच होती. त्यानंतर त्याने आम्हांला काही लिहून दाखविले नाही.

त्या दिवशीही आम्ही तो विषय काढला नाही. मात्र हल्ली कोणाचा निबंध हाती आला, की लाल पेन उघडण्यापूर्वी आम्ही विचारतो, "हा आधी कोणी तपासला आहे का?"