हजेरीमास्तर

मुक्काम अटेंडन्स डॉट गव्ह डॉट इन. अंगाने सडपातळ: नोंदलेले कर्मचारी किती, आज हजर किती, कोणत्या वेळेला किती जण आले त्याच्या उभ्या काठ्या. हात मात्र लांब. दिल्लीतल्या केंद्र सरकारच्या कचेऱ्यांच्या दारोदार टॅब्लेट लावलेले. सहा आकडे दाबा, बोट ठेवा. आधारने हो म्हटलं की इकडे हजेरी एकाने वाढते.

2014 साली हा रुजू झाला. माहिती तंत्रज्ञान खात्याचे तेव्हाचे सचिव रामसेवक शर्मा हे आधारच्या उभारणीतून आलेले. झारखंडात मुख्य सचिव असताना त्यांनी असाच मास्तर आधी बसवून पाहिला होता. जुनं मस्टर कपाटात असायचं. लाल रेघ मारायची की कानाडोळा करायचा, हे हेडक्लार्कच्या मर्जीवर. हा थेट चव्हाट्यावर बसला. कुठल्या खात्यातले कोण साहेब किती वाजता उगवले, ते लातुरात बसलेल्या माणसालाही दिसू लागलं.

जानेवारीत मात्र त्याचं माणसांशी जमत नाही. आमचे नोएडाचे शेजारी मेट्रोने पावणेनऊला पोचतात. सव्वानऊपर्यंत सूट, पुढे अर्धी सीएल गेली. जून 2024 मध्ये कार्मिक खात्याने ही तंबी नव्याने दिली. थंडीने रखरखलेलं बोट ठेवलं, ओळख नाही. पुन्हा ठेवलं, नाही. मागे रांग चुळबुळते. मग ते बोट केसांतून फिरवतात, पुसून पुन्हा टेकवतात, आणि मास्तर मान डोलावतो. सांगलीहून आईने पाठवलेलं खोबरेल असं केंद्र सरकारच्या कामी येतं.

आत शिरलेल्या माणसाने पुढे काय केलं ते विचारा, मास्तर गप्प. त्याला दोनच वेळा ठाऊक: आले, गेले. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर सरकली का, पेन्शनवाल्या आजोबांना उत्तर गेलं का, याचा रकानाच त्याच्या पाटीवर नाही. दोष त्याचा नव्हे. पाटी आखणाऱ्यांनी दारात मोजता येतं तेवढंच आखलं. तरी बैठकीत त्याचा आकडा असा काही वाचला जातो, की जणू कामच मोजलं.

मार्च 2020 मध्ये कोविडने त्याला सक्तीच्या रजेवर धाडलं. 8 नोव्हेंबर 2021 ला तो परतला, शेजारी सॅनिटायझरची बाटली घेऊन. आता मोबाइलवरून चेहराही ओळखतो. शेजाऱ्यांचं तेल वाचलं. पण परवा धुक्यात, फाटकाशी, एका हाताने मफलर खाली ओढून आणि दुसऱ्या हाताने फोन समोर धरून ते उभे होते, डोळे मिचकावत.