दूरस्थाचे आसन

‘परिषद’ या शब्दाच्या मुळाशी ‘सद्’ म्हणजे बसणे हा धातू आहे. ‘परि’ या उपसर्गाने त्या बसण्याला वर्तुळाचा आकार दिला आहे. भोवती बसणे, एकमेकांसमोर बसणे, हा या शब्दाचा मूळ भाव. ज्ञानव्यवहारात तो इतका रुळलेला होता, की बसणारा माणूस देहाने तेथे असलाच पाहिजे काय, असा प्रश्न विचारण्याची गरज सहसा कोणाला भासली नाही. ही गरज २०२० साली महामारीने निर्माण केली.

अमेरिकन फिजिकल सोसायटीचे मार्च अधिवेशन त्या वर्षी २ मार्चपासून डेन्व्हर येथे भरावयाचे होते. दहा हजारांहून अधिक भौतिकशास्त्रज्ञ तेथे अपेक्षित होते. २९ फेब्रुवारीला ते रद्द झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा कित्येक प्रतिनिधी शहरात येऊन पोहोचलेही होते. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी घोषित केली आणि जगभरची सभागृहे ओस पडली. ‘इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑन लर्निंग रिप्रेझेंटेशन्स’ ही यंत्र-अध्ययनाची परिषद एप्रिल २०२० मध्ये इथिओपियातील आदिस अबाबा येथे व्हायची होती. अमेरिका-कॅनडातील परिषदांसाठी व्हिसा न मिळाल्यामुळे ज्यांना घरीच राहावे लागे, त्या आफ्रिकी संशोधकांच्या दाराशी ती प्रथमच जाणार होती. प्रत्यक्षात ती संगणकाच्या पडद्यावर भरली. पाच हजारांहून अधिक लोक तिच्यात सहभागी झाले. आफ्रिकेच्या भूमीवर ती पोहोचली तीन वर्षांनी, २०२३ साली, किगालीत.

या घटनेत एक विलक्षण विरोधाभास आहे. दार बंद झाले म्हणून बाहेरचे आत आले! ज्याच्यापाशी प्रवासखर्च नाही, ज्याची रजा मंजूर होत नाही, जिच्या मांडीवर तान्हे मूल आहे, असा एक मोठा वर्ग परिषदांच्या इतिहासात सदैव अनुपस्थित होता. त्याची अनुपस्थिती कोणत्याही अहवालात नोंदली गेली नाही. कारण जो आलाच नाही, त्याची नोंद कोण करणार? पडद्याने त्याला प्रथमच एक चौकट दिली, आणि नामवंतांनाही तेवढीच चौकट दिली. पूर्णतः दूरस्थ परिषदेत काही उणे असेल, तर ते सर्वांच्याच वाट्याला सारखे उणे असते.

निर्बंध सैल होऊ लागले आणि संमिश्र परिषद अवतरली: काही जण सभागृहात, काही पडद्यापलीकडे. वरवर पाहता ही दोन्ही पद्धतींतील गुणांची बेरीज वाटते. परंतु जी विषमता पूर्वी दाराबाहेर होती, ती आता सभेच्या आत आली. मध्यंतरातील चहा, भित्तिपत्रासमोर थबकून झालेली ओळख, जिन्यावर सुचलेला संयुक्त प्रकल्प हे सारे सभागृहातल्यांचे; दूरस्थाच्या वाट्याला मध्यंतरात येते ती केवळ ‘सत्र थोड्याच वेळात सुरू होईल’ ही पाटी.

युरोपियन जिओसायन्सेस युनियनची महासभा मे २०२२ मध्ये व्हिएन्नात संमिश्र स्वरूपात भरली. सुमारे सात हजार अभ्यासक प्रत्यक्ष आले, जवळजवळ तितकेच दूरस्थ होते. कोणी उणा ठरू नये म्हणून सर्वांच्या सादरीकरणांना एकच अल्प मौखिक साचा देण्यात आला. हेतू न्यायाचा होता. पण भित्तिपत्रासमोर रंगणाऱ्या संथ संवादाला त्या साच्यात जागा नव्हती. समतेची किंमत अशी कोणाला तरी मोजावी लागते. शिवाय घड्याळ कोणाच्याच आज्ञेत नसते. मे महिन्यात व्हिएन्नात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा भारतात दुपारचे साडेबारा झालेले असतात आणि कॅलिफोर्नियात मध्यरात्र असते.

म्हणूनच संमिश्र परिषदेच्या संयोजकाचे काम तांत्रिक भासले तरी मूलतः नैतिक आहे. सभागृहातील श्रोत्याने ध्वनिवर्धक न घेता प्रश्न विचारला, तर तो दूरस्थाला ऐकूच जात नाही. सभागृहातला आवाज ध्वनिक्षेपकातून फिरून पुन्हा ध्वनिवर्धकात शिरला, तर दूरस्थाच्या कानी केवळ प्रतिध्वनींचा गोंधळ पडतो. सत्राध्यक्षाची दृष्टी स्वभावतःच समोर उंचावलेल्या हाताकडे वळते. पडद्याच्या कोपऱ्यात उमटलेली लेखी पृच्छा वेळ संपेपर्यंत तशीच राहते. दूरस्थांचे प्रश्न वाचण्यासाठी वेगळी व्यक्ती नेमणे आणि पहिला प्रश्न त्यांचा घेणे, हे साधे नियम आहेत. मात्र त्यांवाचून दूरस्थ हा सभासद न राहता प्रेक्षक होतो.

पडदा सर्वांना सारखाच लहान करतो, असेही नाही. जानेवारी २०२३ मध्ये नागपूर विद्यापीठात भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन भरले. त्याचे उद्घाटन पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे केले. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीच्या कारणास्तव उपस्थित राहू शकले नाहीत. अध्यक्षपद अर्थातच त्यांचेच राहिले. पदाला आणि कीर्तीला देहाच्या उपस्थितीची तितकीशी गरज नसते. अनुपस्थितीने खरोखर पुसला जातो तो नवखा संशोधक, ज्याचे नाव अद्याप कोणाला ठाऊक नाही. संयोजकाची कसोटी लागते ती त्याच्या बाबतीत.

मे २०२३ मध्ये जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित झाले. दुहेरी व्यवस्थेचा खर्च आणि श्रम मोठे आहेत, समोरासमोरच्या भेटीची ओढही खरी आहे. त्यामुळे कॅमेरा बंद करण्याचा निर्णय संयोजन समितीच्या बैठकीत सहज होऊ शकतो. त्याला विरोध करणारा तेथे कोणी नसतो, कारण ज्याचे आसन त्यामुळे जाणार, तो त्या बैठकीला कधीच बोलावलेला नसतो. तालुक्याच्या महाविद्यालयातील एखादा अध्यापक महामारीच्या काळात प्रथमच आपल्या विषयाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत बसला असेल, तर त्याच्यासाठी ही आपत्तीतली तात्पुरती सोय नव्हती. त्याच्या वाट्याला आलेली ती पहिलीच परिषद होती. ती शेवटचीही ठरावी काय, याचे उत्तर खर्चाचा तक्ता मांडण्यापूर्वी द्यावयास हवे.