मोहाला पानं कधी असतात

चिमूरच्या आसपासच्या मुलांना ‘तुमचं गाव काढा’ म्हटलं, की कागदावर आधी दोन त्रिकोणी डोंगर येतात, मधे सूर्य, खाली नदी आणि काठावर नारळ. यांच्या शिवारात नारळ नसतो. धानाच्या बांध्या असतात, पळस असतो, मोह असतो. चित्रकलेचा शिक्षक म्हणून माझं काम तिथून सुरू होतं. मी मोह काढायला सांगतो. मार्च-एप्रिलात घरच्यांबरोबर पहाटे मोहफुलं वेचणारी ही मुलं, पण झाडाला हिरवीगार पानं लावून मोकळी होतात.

एका मुलीचा हात मात्र मधेच थांबला. फुलं पडतात तेव्हा झाड जवळजवळ निष्पर्ण असतं, हे तिला ठाऊक होतं, पण पेन्सिल हातात धरल्यावर ते पहिल्यांदा दिसलं. पानं खोडून तिनं फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके काढले. खाली, फुलं वेचता यावीत म्हणून पाला जाळून काळी केलेली जमीनही काढली. रेषा वेड्यावाकड्या होत्या, पण असा मोह कुठल्याच मार्गदर्शक पुस्तकात नव्हता.

‘सर, चित्र काढून का होते जी?’ पालक विचारतात. सोपं उत्तर तयार आहे: चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाली तर दहावीला 7 गुण, ‘ब’ला 5, ‘क’ला 3. या गुणांपायी घरात रंगपेटी येते, म्हणून मला त्यांचं मोल आहे. पण तेवढ्यावर थांबलो तर मुलं वाढीव गुणांसाठी तयार संकल्पचित्रं घोटत बसतात.

मग मी उलट विचारतो, ‘दंडारीत नाचून तुम्हाला का भेटलं?’ कारण विचारणारा बाप झाडीपट्टीचा, म्हणजे दंडारीसारख्या लोकनाट्यांच्या या मुलखाचा माणूस आहे. धान निघालं की मंडईच्या जत्रेत रात्रभर नाटक बघणारा, वडशाच्या नाटक कंपन्यांची नावं तोंडपाठ असणारा. याच मातीतल्या गुरनोलीच्या नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. माझ्या प्रश्नावर बाप हसतो आणि बोलत सुटतो: कुठलं सोंग घेतलं, जोडीला कोण होतं, कोणत्या गावानं पुन्हा बोलावलं. त्या बोलण्यात पैसा कुठंच येत नाही. ज्याला स्वतःला हे सुख माहीत आहे, त्यानं लेकीच्या वहीकडे परकेपणानं पाहावं, याचं मला फार वाईट वाटतं.

मोहाच्या त्या चित्राला मी गुण दिले नाहीत. घरी नेऊ दिलं. आजीनं बुंधा फार बारीक झालाय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलगी नवा कागद मागायला आली.